डोंगरउतारावरील जमीन का सरकते?

पावसाच्या थेंबाने मातीचा कण सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर तो ओढ्यास जाऊन मिळतो. या क्रियेस जमिनीची धूप म्हणतात व ती शेतकऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. परंतु सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व कोकणातील डोंगरउतारांवर जमीन हातची जाण्याचा आणखी एक प्रकार आढळतो. त्यात कण एकेक करून सुटत नाही; खाचर, ताल, झाडे व दगडधोंडे यांसह जमिनीचा संबंध थर खाली येतो. येथे पाणी मातीला वाहून नेत नाही. माती आपल्याच वजनाने उतरते. पाणी केवळ तिची पकड सोडविते. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी उपायांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. धुपेवर जो उपाय गुणकारी ठरतो तोच काही उतारांवर अपायकारक ठरू शकतो.

पृथ्वीचे आकर्षण प्रत्येक पदार्थास सरळ खाली ओढीत असते. सपाट जमिनीवर हे सर्व वजन जमिनीवर दाबले जाते व माती जागच्या जागी राहते. उतारावर मात्र या वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग मातीस खालच्या थरावर दाबून धरतो, दुसरा तिला उतारावरून खाली ओढतो. एक टन वजनाचा धोंडा १० अंशांच्या उतारावर असेल तर त्यास खाली ओढणारे बळ सुमारे १७५ किलोग्रॅम असते. उतार ३० अंशांचा झाला की तेच ५०० किलोग्रॅम होते, आणि त्याच वेळी धोंड्यास दाबून धरणारा भाग घटून ८६६ किलोग्रॅमवर येतो. म्हणजे उतार जसजसा उभा होतो तसतशी ओढ वाढते व पकड कमी होते. या दोहोंचा मेळ असेतोवर डोंगर उभा राहतो.

कोरड्या वाळूचा ढीग कितीही काळजीपूर्वक घातला तरी तो ३० ते ३५ अंशांहून अधिक उभा राहत नाही. वरून टाकलेली वाळू घरंगळून पायथ्याशी येते. खळ्यावरील धान्याच्या राशीचाही अनुभव असाच आहे. तीच वाळू किंचित ओली केली तर तिची जवळजवळ उभी भिंत बांधता येते. याचा अर्थ थोडा ओलावा कणांना एकत्र धरतो. मात्र कणांमधील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की हा लाभ संपतो आणि वाळू पसरू लागते. मातीची गतही याहून फारशी वेगळी नाही, एवढेच की चिकण मातीत ती दिसून येण्यास वेळ लागतो.

मातीत साठलेले पाणी दोन प्रकारे घात करते. एक तर ते वजन वाढविते. एक हेक्टर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० टन पाणी पडले. त्यांपैकी जेवढे मुरेल तेवढे ओझे उतारावर चढते. परंतु याहून घातक गोष्ट दुसरी आहे. पोकळ्यांमध्ये कोंडलेले पाणी कणांवर दाब देऊन त्यांना परस्परांपासून उचलू पाहते. भरलेल्या विहिरीत बुडालेला दगड हलका लागतो, त्याचप्रमाणे पाण्यात बुडालेली माती खालच्या थरावर कमी वजनाने टेकते व तिची पकड ढिली होते. दहा हात आडवे गेल्यास सहा हात चढणाऱ्या उतारावर जी भुसभुशीत माती कोरडेपणी जेमतेम टिकून असते, ती पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरली व ते पाणी उताराच्या दिशेने वाहू लागले तर दहास तीन हात एवढ्याच उतारावर टिकू शकते. उतार तोच, माती तीच, परंतु तिची धारणशक्ती निम्म्यावर येते.

सह्याद्रीची घडण

महाराष्ट्रातील डोंगर बहुतांशी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, एकावर एक पसरलेल्या थरांचे बनलेले आहेत. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी रंगाच्या मातीचा एक पातळ पट्टा आढळतो. त्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. ते आडवी वाट काढते व डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पाषाणाच्या वर कुजका दगड, त्यावर मुरूम आणि त्यावर माती, अशी सामान्य रचना असते. कड्यांच्या पायथ्याशी तर वरून निसटलेल्या दगडगोट्यांचे व मातीचे जाड थर पिढ्यान्‌पिढ्या साचलेले असतात. हीच जमीन खोल व ओलाव्याची असल्याने लागवडीस सोयीची, आणि पाण्याचा झराही तेथेच; त्यामुळे वाड्या नेमक्या अशाच जागी वसल्या. मुरलेले पाणी कठीण पाषाणापाशी अडते आणि त्यावरील सैल थर त्या ओल्या पृष्ठभागावरून घसरण्यास मोकळा होतो.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा असाच भाग चिखलाच्या लोटाच्या रूपाने आला व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही ही वार्ता नेहमीच्या फेरीसाठी आलेल्या एस. टी. बसच्या चालकाने प्रथम बाहेर कळविली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक दगावले. त्या दिवशी व रात्री मिळून चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापूरकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो जवळपास तेवढा हा एका दिवसाचा पाऊस होय. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हाही त्याआधी अतिवृष्टी चालू होती.

पाणी जिरवावे की काढून द्यावे?

अवर्षणग्रस्त भागात समपातळीवर बांध व चर काढून पाणी अडविण्याचे काम १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून मोठ्या प्रमाणावर होत आले आहे आणि त्याचे हित निर्विवाद आहे. तेथे पाऊस थोडा, उतार मंद व मातीचा थर बहुधा उथळ असतो. परंतु तोच सलग समतल चर घाटमाथ्यावरील उभ्या उतारावर, खोल मातीत काढला तर तो आषाढ-श्रावणात तुडुंब भरून राहतो व रात्रंदिवस पाणी डोंगराच्या पोटात सोडीत राहतो. जेथे मातीची पकड आधीच पाण्यामुळे ढिली होत आहे तेथे आणखी पाणी मुरविणे हे शहाणपणाचे नव्हे. अशा ठिकाणी चरास शंभर मीटर लांबीमागे सुमारे अर्धा मीटर ढाळ द्यावा आणि त्याचे तोंड दगडांनी बांधून काढलेल्या नैसर्गिक ओहोळात सोडावे. चराचे पाणी उघड्या उतारावर सोडून देणे म्हणजे एका ठिकाणचे संकट दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

हीच दृष्टी भातखाचरांच्या बाबतीतही ठेवावी. भीमाशंकरच्या परिसरातील आदिवासी शेतकरी पडकई पद्धतीने दगडी ताली रचून उतारावर खाचरे तयार करतात. हे काम हाताने व थोडे थोडे होते. माळीणच्या दुर्घटनेनंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाविषयी पुष्कळ चर्चा झाली. दोष सर्वस्वी त्यावर टाकता येत नाही. तथापि यंत्राने तासलेली भुसभुशीत माती उताराच्या कडेवर लोटून दिली तर वरचे ओझे वाढते व मुरणाऱ्या पाण्यास मोकळी वाट मिळते, यात शंका नाही. खाचरास आतल्या बाजूस किंचित ढाळ असावा, प्रत्येक तालीस दगडी सांडवा असावा, आणि अतिवृष्टीची सूचना मिळताच खाचरात तुंबलेले पाणी सांडव्यावाटे काढून द्यावे. रस्त्यासाठी वा घरासाठी उताराचा पायथा उभा तासणे सर्वांत वाईट. पायथ्याची माती वरच्या मातीस टेकू देत असते. टेकू काढल्यावर वरचा भाग किती दिवस उभा राहील हा केवळ पावसाचा प्रश्न उरतो.

झाडांची मुळे वरच्या एक-दोन मीटर मातीस उत्तम प्रकारे बांधून ठेवतात. त्याहून खोल घसरणीस त्यांचा फारसा उपयोग होत नाही, हेही तितकेच खरे. झाड तोडल्यावर त्याची मुळे लगेच निकामी होत नाहीत. ती काही वर्षांत कुजतात आणि धोका तेव्हा वाढतो. म्हणून तोड होऊन चार पावसाळे सुखरूप गेले यावर विसंबू नये. राबासाठी ऐन व किंजळ यांच्या फांद्या छाटल्या तरी बुंधा जिवंत राहून मुळे टिकतात, मात्र ती झाडे समूळ काढू नयेत. तालींच्या कडेने वाळ्याची ओळ लावल्यास तिची मुळे खोलवर जातात व वरची माती धरून राहते.

सर्वच घसरण एका क्षणात होत नाही. पुष्कळ उतारांवर माती वर्षाला बोटभर किंवा त्याहूनही कमी अशी सरकत असते. खोड बुंध्याशी वाकून नंतर सरळ वाढलेली झाडे, कललेले कुंपणाचे खांब व पोट सुटलेल्या दगडी ताली ही तिची खूण होय. याची नोंद ठेवावी, घाबरण्याचे कारण नाही. परंतु उताराच्या वरच्या अंगास कोयत्याच्या आकाराची नवी भेग दिसली, वाहता झरा एकाएकी गढूळ झाला अथवा आटला, कोरड्या जागी नवा झरा फुटला, घराची दारे चौकटीत अडकू लागली, तर ती मंद सरक आता वेगाने होऊ लागली आहे असे समजावे. भेगेत चिकण माती भरून ती घट्ट चोपावी व तिच्या वरच्या बाजूस ढाळाचा चर काढून येणारे पाणी दूर वळवावे. हे काम पाऊस उघडल्यावरच करावयाचे आहे, भर पावसात भेगेजवळ कोणी जाऊ नये. ग्रामपंचायतीस व तलाठ्यास त्याच दिवशी कळवावे. रात्रीचा पाऊस जोराचा दिसल्यास दिवेलागणीपूर्वीच वाडी सोडावी. बाहेर पडताना ओहोळाच्या काठाने खाली न जाता आडव्या वाटेने घसरणीच्या पट्ट्याबाहेर जावे, आणि गोठ्यातील जनावरांची दावी सोडून द्यावीत.