ओळख नसलेल्या गावात जनसंपर्क

जनसंपर्काचा धंदा ओळखींवर चालतो, आणि तो शिकायला आपण जातो अशा गावी, जिथे आपल्याला चिटपाखरू ओळखत नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात हा पेच कुठेच छापलेला नसतो. पुण्यात पत्रकारितेची पदवी घेऊन मी इंग्लंडात, लीड्सला, एम.ए. करायला गेले. या वाटेने निघालेल्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

तिथलं एम.ए. एका वर्षात होतं. दुसऱ्या वर्षाची फी वाचते म्हणून घरचे खूश असतात. पण वर्ग सुरू होतात सप्टेंबरात आणि पुढच्या वर्षीच्या नोकरभरतीसाठी बऱ्याच मोठ्या कंपन्या अर्ज मागवतात तेही त्याच सुमारास. बँकेत खातं उघडायचं, खोली शोधायची आणि त्याच आठवड्यांत 'तुम्ही आमच्याच कंपनीत का येऊ इच्छिता' याचं उत्तर लिहायचं. तेव्हा सीव्ही आणि कामाचे नमुने विमानात बसण्याआधीच तयार ठेवा.

आता नमुन्यांविषयी. एका स्थानिक संस्थेसाठी प्रेसनोट लिहा, असं पहिलंच काम वर्गात मिळालं. आपल्याकडे प्रेसनोट म्हणजे अमुक यांच्या अध्यक्षतेखाली, तमुक यांच्या शुभहस्ते, व्यासपीठावर कोण कोण होते, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले. तिथे पहिल्या दोन ओळींत बातमी हवी. मग एखादं जिवंत वाटणारं विधान, शेवटी संपादकांसाठी टिपा. माझ्या प्रेसनोटमधली मान्यवरांची यादी वाचून सरांनी विचारलं, "पण यातून यॉर्कशरच्या वाचकाला काय मिळालं?" प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यासाठी यॉर्कशरचा वाचक माहीत असायला हवा, आणि तो कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडत नाही. यॉर्कशर ईव्हनिंग पोस्ट रोज वाचायला लागले, तेव्हा कुठे बसमार्ग, नगरपालिकेचं बजेट आणि लीड्स युनायटेडच्या पराभवाचा शोक यांचं गावातलं वजन कळू लागलं. तुम्ही जाणार असलेल्या गावचं वर्तमानपत्र तर आजही इंटरनेटवर वाचता येतं. व्हिसाची वाट पाहताना तेच वाचा.

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते व्हिसाबद्दल. जनसंपर्कात नवखा माणूस बहुधा फुटकळ कामांनी सुरुवात करतो. कोणाचं इन्स्टाग्राम सांभाळ, कोणाच्या दुकानाची बातमी छापून आण. मलाही एका भारतीय उपाहारगृहाच्या मालकांनी असं काम देऊ केलं. काका प्रेमळ होते, महिन्याचे पैसेही चांगले देणार होते. विद्यापीठाच्या कार्यालयात विचारलं, तर स्पष्ट 'नाही' असं उत्तर मिळालं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, स्वयंरोजगार मात्र अजिबात नाही. काकांनी पगारपत्रकावर घेतलं असतं तर चाललं असतं, पण त्या भानगडीत पडायची त्यांची तयारी नव्हती. बिनपगारी इंटर्नशिपचे तासही या २० तासांत धरले जातात, हे बऱ्याच मुलांच्या गावीही नसतं. 'सगळेच करतात' असं सांगणारे दहाजण भेटतात. व्हिसा रद्द होतो तेव्हा त्यांतला एकही सोबत येत नाही.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर दोन वर्षं राहता येतं; १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीवर दीडच वर्ष मिळेल. पुढे कंपनीने प्रायोजित केलेला व्हिसा हवा, तर २०२५च्या नियमांनुसार पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवख्यांसाठी ३३,४००. जनसंपर्क एजन्सीत नुकत्याच लागलेल्या अकाउंट एक्झिक्युटिव्हचा पगार सहसा त्या सवलतीच्या आकड्यालाही पोहोचत नाही. इकडे शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात सुरू होतात.

मग गेलेच कशाला? शिकवणं उत्तम होतं म्हणून. बेल पॉटिंजर ही लंडनची बडी जनसंपर्क कंपनी दक्षिण आफ्रिकेत उद्योगपती गुप्ता बंधूंसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवते, २०१७मध्ये व्यावसायिक संघटना तिला बाहेर काढते आणि त्याच महिन्यात कंपनी कोसळते. हे प्रकरण आम्ही कागदपत्रांसकट चिरून पाहिलं. गुप्ता मूळचे सहारनपूरचे, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, तो भाग वेगळा.

भारतात परतल्यावर कळलं, शिकलेलं सगळं इथे चालतंच असं नाही. बातमीने व्यापलेल्या जागेला जाहिरातीचा दर लावून प्रसिद्धीची किंमत (एव्हीई) काढू नये, असं जनसंपर्काच्या मोजमापाविषयीच्या २०१०च्या बार्सिलोना तत्त्वांनी सांगितलं. मुंबईत रुजू झाल्यावर माझ्या पहिल्याच क्लायंटने विचारलं, "एव्हीई किती आली?" मी मुकाट्याने आकडा काढून दिला आणि खाली दोन ओळी जोडल्या: बातमी कोणी वाचली, फोन किती आले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी त्या दोन ओळी आधी वाचायला सुरुवात केली.

परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटला विद्यापीठाकडून बहुधा कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐका. जमल्यास आधी वर्ष-दोन वर्षं इथल्या जनसंपर्क एजन्सीत काढा. मुलाखतीत सांगायला काहीतरी असतं. कोर्सला प्लेसमेंट जोडलेली आहे का, आणि ती विद्यापीठ मिळवून देतं की आपणच शोधायची, हे ईमेलवर लेखी विचारा. त्या कोर्सच्या माजी भारतीय विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर गाठून विचारा: सध्या कुठे आहात, कोणत्या व्हिसावर, पहिला पगार किती होता? पगाराचा प्रश्न आपल्याला अवघड वाटतो, पण परक्या गावात अनोळखी पत्रकाराला फोन करायचा असेल तर ही भीड इथेच मोडलेली बरी.