चुनखडकातील पाणी गाळून येत नाही

जमिनीत मुरलेले पाणी मातीतून गाळले जाते व विहिरीत स्वच्छ होऊन येते, असे आपण सर्वजण मानतो. जाड मातीच्या रानात ते बरेचसे खरे आहे. चुनखडकाच्या भागात मात्र हा भरवसा जिवावर बेततो.

पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते. भेगांतून जाताना ते चुनखडक थोडा थोडा विरघळवते. हजारो वर्षांत भेगा रुंदावतात, त्यांच्या नळ्या व गुहा होतात. खडक विरघळून मागे माती फार थोडी उरते, आणि तीही पावसाबरोबर भेगांत उतरते. अशा जागी पाणी मुरत नाही, मोरीतून जावे तसे सरळ खाली जाते. शेणातले रोगजंतू वाटेत अडत नाहीत, जिवंतच विहिरीत पोहोचतात.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन या सुमारे ५,००० वस्तीच्या गावी मे २००० मध्ये हेच घडले. गावाची एक विहीर उथळ होती. तिला ५ ते ८ मीटर खोलीवरच्या भेगाळ चुनखडकातून पाणी येई. जवळच्या शेतात शेणखत टाकलेले होते. ८ ते १२ मे या दिवसांत मोठा पाऊस झाला व जंतू पाण्यात उतरले. क्लोरीन अपुरे पडले, तपासणीही नीट होत नव्हती. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, ७ दगावले. चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही, कारण त्याने खत रीतसर टाकले होते. खत चांगले होते, जमीन तशी नव्हती.

आपल्याकडे लोकापूर, बागलकोट या बाजूस चुनखडक आहे. तेथील बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पाऊस पडून काही तासांत विहीर किंवा झरा गढूळ झाला, तर ते पाणी गाळून आलेले नाही असे समजावे. ते उकळूनच प्यावे.

२. उकिरडा, संडासाचा खड्डा व गोठा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला ठेवावा. तरीही तेवढ्यावर विसंबू नये, कारण खडकातली वाट वरून दिसत नाही.

३. खचलेल्या खड्ड्यात मेलेले जनावर, कचरा वा औषधांचे डबे टाकू नयेत. तो खड्डा म्हणजे विहिरीचेच तोंड असू शकते.

४. मोठ्या पावसाच्या तोंडावर शेणखत पसरू नये. बांध व गवत राखून माती धरून ठेवावी.

पाणी निवळ दिसते म्हणून आपण निर्धास्त राहू नये. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.