इंजिनाच्या मागे काय येते?

इंजिनाचा आवाज पुढे गेला म्हणजे गाडी गेली, हा ठोकताळा उसाच्या हंगामात माजलगावच्या रस्त्यावर चालत नाही. दिवाळी झाली की ट्रॅक्टर सुरू होतात आणि एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. इंजीन फक्त पुढे. मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. धडधड पुढे सरकली, रस्ता मोकळा वाटला, काठी टाकली. मागच्या ट्रॉलीच्या चाकाने ती हातातून हिसकून नेली. बाहेर आलेला ऊस खांद्याला खरचटून गेला.

तेव्हापासून मी शेवटच्या चाकाचा माग धरतो. ट्रॉल्यांमधल्या हुकाचा खडखडाट आणि टायरची घरघर पार विरली की मगच पाऊल. (मागच्या ट्रॉलीला बैलाची घुंगरमाळ बांधायला काय हरकत आहे?) ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असतील तर कानांवर विसंबूच नये, कुणाला तरी हाक मारावी. ड्रायव्हर थांबून "जा काका" म्हणाला तरी निघू नये. तो थांबला, पण त्याच्या उजवीकडून निघालेला मोटारसायकलवाला थांबलेला नसतो आणि त्याचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजात बुडतो. विजेवरच्या स्कूटरला तर आवाजच नाही.

मदतीला येणारे दंड धरून ओढतात. त्यापेक्षा आपणच त्यांच्या कोपराच्या वर धरावे आणि अर्धे पाऊल मागे चालावे. ते थांबले, वळले की हाताला कळते.

कमी ऐकू येणाऱ्यांची अडचण निराळी. एकच कान चालत असेल तर हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. तिथे मान वळवून दोन्हीकडे पाहणे, पुन्हा पाहणे, एवढाच उपाय. थंडीत कानाला मफलर गुंडाळला की चांगल्या कानाचेही तेच होते.

ठोकरल्यावर ड्रायव्हर म्हणतो, "हॉर्न दिला होता की!" 2017 च्या वाहनचालन नियमांनी पादचारी, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी चालकावर टाकली आहे; हॉर्न वाजवून ती संपत नाही. पण काळजी घ्यायला आपण चालकाला आधी दिसायला हवे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी 1921 मध्ये दृष्टी गेल्यावर काठी पांढरी रंगवली, ती गाड्यांना दिसावी म्हणून. तेव्हा लाजून काठी घडी घालून पिशवीत ठेवू नका. काठीवर लाल-पांढरे पट्टे असतील तर माणसाला ऐकूही येत नाही, हे गाडीवाल्यांनी ओळखावे.

आणि ट्रॅक्टरवाल्या दादांनो, गाव लागले की गाणी बंद करा.