घड्याळाचे कवच

वैशाखाच्या उन्हात क्षणभर उभे राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्याच उन्हात दोन प्रहर उभे राहिल्यास भोवळ येते. ऊन तेच, भेद असतो तो काळाचा. किरणोत्सर्गाचेही असेच आहे. मात्र उन्हाचा चटका लागताच आपण सावलीत जातो. किरणोत्सर्ग दिसत नाही आणि सहसा जाणवतही नाही. म्हणून त्याच्या सान्निध्यात काम करणाऱ्याला घड्याळावर विसंबावे लागते.

२६ एप्रिल १९८६ रोजी, तेव्हा सोव्हिएत संघराज्यात मोडणाऱ्या युक्रेनमधील चेर्नोबिल वीजकेंद्रात एका अणुभट्टीचा स्फोट होऊन छपरांना आगी लागल्या. त्या रात्री धावून आलेल्या अग्निशामक जवानांना वेळ मोजण्याची सवड कोठून असणार! कित्येक जण अंगात त्राण असेपर्यंत आगीशी झुंजत राहिले. ते जवान व केंद्रातील कर्मचारी यांपैकी २८ जण त्याच वर्षी किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने मृत्यू पावले.

पुढे त्या भग्न भट्टीभोवती पोलाद व काँक्रीट यांचे आवरण उभारण्यात आले. तत्पूर्वी छपरांवर उडालेले किरणोत्सारी तुकडे पुन्हा भट्टीत लोटणे आवश्यक होते. प्रथम दुरून चालविता येणारी यंत्रे पाठविली. पण त्यांतील अनेक निकामी झाली. तेव्हा सप्टेंबर महिन्यात सैनिकांना पाठवावे लागले. अंगावर शिशाचे पत्रे बांधून आणि हाती फावडे घेऊन ते छपरावर धावत. सर्वांत धोक्याच्या जागी एकेकाला अवघी ४० सेकंदे मिळत. इतरत्र दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात एक-दोन फावडी मलबा लोटावयाचा आणि इशारा होताच परतावयाचे! तीन हजारांहून अधिक जणांनी ते काम असे वाटून घेतले.

यामागील हिशेब सरळ आहे. एका मिनिटात शरीराला जितकी मात्रा मिळते, तिच्या दसपट दहा मिनिटांत मिळते. दहा मिनिटांचे काम दहा जणांनी केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो. शिवाय मोठी मात्रा एकदम मिळाली, तर शरीराला झीज भरून काढण्यास अवधी राहत नाही. अर्थात अल्प मात्राही सर्वस्वी निर्धोक मानीत नाहीत. त्या सैनिकांनी धोका पत्करलाच होता.

आजही किरणोत्सर्गाजवळ काम करणारे तीन नियम पाळतात : वेळ थोडा असावा, अंतर अधिक असावे आणि मध्ये भक्कम आडोसा असावा. त्या छपरावर दूर उभे राहून फावडे चालविणे शक्य नव्हते आणि शिशाचे पत्रेही पुरेसे नव्हते. हाती उरला होता तो वेळ. तो काटेकोरपणे मोजला, म्हणूनच ते अवघड काम माणसांच्या हातून पार पडले.