पर्यावरण प्रभारी

देवास जिल्ह्यातल्या कन्नौदला इंदूर-बैतूल रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टर वर्कशॉपात मी हिशेब आणि स्टोअर सांभाळत होतो. चांगलं निघालेलं जळकं ऑइल सेठजी सेंट्रिंगवाल्यांना रोखीने विकायचे. पाणी मिसळलेलं ऑइल आणि धुलाईच्या रॅम्पचं पाणी थेट मागच्या नाल्यात. वेगळा ड्रम घ्या, टाकी बांधा, असे अर्ज मी देत राहिलो. "यहाँ सब यही करते हैं," हे उत्तर ठरलेलं.

मग ५ जूनला रोपं लावली, फोटो काढले आणि भिंतीवर पाटी लागली: पर्यावरण प्रभारी, खाली माझं नाव. मला कुणी विचारलंही नव्हतं.

पावसाळ्यात नाल्याकाठच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. ज्या देवासला एकेकाळी रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात विहीर नासली तर माणूस तणतणत येणारच. सेठजी खुर्चीतून उठलेही नाहीत. पाटीकडे बोट केलं, "इनका विभाग है, इनसे पूछो." साधा ड्रम घ्यायची ज्याला मुभा नव्हती, त्याच्या माथी विहीर मारली! मेकॅनिक बघत होते, कुणी ब्र काढला नाही. पाटी कशासाठी लावली होती ते मला तेव्हा कळलं. ते बोट मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, पद देत असतील तर खर्चाचा अधिकार लेखी मागा. मिळाला नाही तर पद नाकारा, तेही लेखी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. माझ्याकडे होती म्हणून मी वाचलो. मालकाला निसर्गप्रेम सांगण्यात वेळ घालवू नका, २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम दाखवा. वापरलेलं ऑइल त्यात येतं. ते साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यावं लागतं, नोंद फॉर्म ३ मध्ये ठेवावी लागते. सेंट्रिंगवाला त्यात बसत नाही.

रॅम्पला तीन कप्प्यांची टाकी हवी. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, खालच्या पाइपातून पाणी तिसऱ्यात जातं. मात्र धुलाईला साबणाची पावडर वापरलीत तर तेल पाण्यात फुटतं, तरंगत नाही आणि टाकीचा खर्च वाया जातो. जुने ऑइल फिल्टर टाकण्याआधी पूर्ण निथळू द्या.

नोकरी मी सोडली. माझ्या सगळ्या अर्जांच्या झेरॉक्स त्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन दिल्या. भरपाई कुणाकडे मागायची, ते त्याला आता ठाऊक आहे.