हाताचे टक्के, कामाचे टक्के

अपघातानंतर हॉस्पिटलात दोन प्रकारची माणसं भेटायला येतात. काही मोसंबी घेऊन येतात, काही कोरा कागद. दुसऱ्या प्रकारच्यांपासून सांभाळून राहा.

२०१८ च्या पावसाळ्यात उंब्रजजवळ सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोने माझी मोटारसायकल उडवली. उजव्या हाताच्या नसा मानेपाशीच तुटल्या. हात आहे तिथेच आहे, पण नुसता लोंबतो. माझा धंदा वायरमनचा. मी नीट शुद्धीवर यायच्या आत टेम्पोवाल्याचे पाव्हणे हजर झाले. "गरीब माणूस आहे, वहिनी. त्याच्या पोटावर कशाला पाय देता? पन्नास हजार घ्या आणि तक्रार नाही एवढं लिहून द्या." बायको म्हणाली, "हे उठून बसू देत, मग बोलू." तिचं ते एक वाक्य पुढे लाखमोलाचं ठरलं.

कारण क्लेमचे पैसे सहसा टेम्पोवाला देत नाही, त्याची विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो आणि माणसाच्या दुखापतीसाठी त्यात रकमेची मर्यादा नसते. ड्रायव्हरच्या लायसनमध्ये खोट निघाली, तरी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. पण पोलिसांच्या कागदात एकदा 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं गेलं, की कंपनीचा वकील तोच कागद शेवटपर्यंत नाचवतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि गाडीच्या विम्याची प्रत लगेच ताब्यात घ्या. पंचनाम्याच्या नकाशात कोणती गाडी कुठल्या बाजूला पडली होती ते बरोबर आलंय का, हे घरच्या कोणीतरी डोळ्यांनी पाहावं.

माझ्या वेळी अर्जाला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाय खरा, पण त्या भरवशावर बसू नका. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा, आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. अपघात कर्नाटकात झाला म्हणून बेळगावला खेटे घालायची गरज नाही. 'मिळेल त्यातले इतके टक्के माझे' असं वकिलांना ठरवता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता खरी मेख. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर माझं अपंगत्व ६० टक्के लिहिलं होतं. गावात सगळे म्हणाले, म्हणजे साठ टक्क्यांचेच पैसे मिळणार. तसं नसतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शरीर किती टक्के गेलं एवढ्यावर थांबू नका, त्यामुळे त्या माणसाची कमाई किती टक्के गेली ते बघा. डावा हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकेल, सुतार किंवा ड्रायव्हर काय करणार? हिशोब मांडून बघा. वय ३४, कमाई महिना १५,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक १६. कमाई पूर्ण बुडाली असं धरलं तर ४०,३२,०००, आणि साठच टक्के धरले तर २४,१९,२००. एका आकड्यापायी सोळा लाखांचा फरक! औषधं, सोबतीचा माणूस, वेदना, पुढची ऑपरेशनं हे सगळं वेगळं.

हा आकडा ठरतो उलटतपासणीत. कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "आयकर भरता? नाही? मग पंधरा हजार कुठून आले?" माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातलं उधारीचं खातं. ज्याच्या साइटवर मी वायरिंग करायचो तो बिल्डर साक्षीला आला. "डाव्या हाताने काम करता येईल ना?" या प्रश्नावर तो म्हणाला, "साहेब, वायर एका हाताने सोलून दाखवा." साहेबांनी पुढचा प्रश्न घेतला. शेवटी कोर्टाने कमाई बाराच हजार धरली, कारण बँकेत जमा काहीच दिसत नव्हतं, पण कमाईचं नुकसान ९० टक्के धरलं. रोखीत कमावणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, निदान अर्धी कमाई तरी खात्यावर घ्या. अपघात सांगून येत नाही आणि कोर्ट पासबुक मागतं. दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आधीच विचारून ठेवा, नुसत्या कागदावर भागेलच असं नाही.

मध्ये लोकअदालतीचं बोलावणं येतं. तडजोड वाईट नसते, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. वरचा हिशोब खिशात असल्याशिवाय सही करू नका. घरभाडं थकलेलं असताना समोर ठेवलेला चेक फार मोठा दिसतो. दावा चालवला तर अर्ज केल्या दिवसापासून व्याज धरतात, हे त्या वेळी कोणी सांगत नाही. निकाल पटला नाही तर हायकोर्टात जायला ९० दिवस असतात.

पैसे आले की नातेवाईकही येतात. माझ्या मेव्हण्याला तर लगोलग जेसीबी घ्यायचा होता. कोर्टाने बरीचशी रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत टाकलीय, ती कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. उपचारासाठी लागली तर तसा अर्ज देता येतो. जेसीबी उपचारात बसत नाही, हे मेव्हण्याला सांगताना मला फारसं वाईट वाटलं नाही.