पालमहून द्वारकेला, वाटेत मुंबई: काय करावे, काय टाळावे

पालमहून एसटीने परभणीला येऊन, तिथून रेल्वेने मुंबईत उतरून, म्हातारी माणसे, लेकरे आणि सामान घेऊन दुसऱ्या स्टेशनावरची गाडी धरणाऱ्या कुटुंबांसाठी.

काय करावे

*तिकीट काढण्याआधी*

- मुंबई ओलांडावीच लागणार नाही असा मार्ग आधी शोधा; थेट जाणारी साप्ताहिक गाडी आहे का, ते परभणीच्या चौकशी खिडकीवर विचारा.
- कोकणात जायचे असेल तर गंगाखेडहून नांदेड–पनवेल गाडी धरा आणि पनवेललाच कोकणची गाडी पकडा.
- काशी-प्रयागाकडे जायचे असेल तर मनमाडला गाडी बदला. मुंबईपर्यंत जाऊन पुन्हा त्याच वाटेने मागे यायचे कारण नाही.
- पुढची गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी आणि कल्याणला थांबणारी असेल, तर कल्याणहूनच चढण्याचे तिकीट काढा; परभणीहून मुंबईला जाणारी देवगिरी एक्सप्रेसही कल्याणला थांबते.
- मुंबई टळतच नसेल तर पुढच्या गाडीच्या स्टेशनाचे नाव तिकिटावर दोनदा वाचा: द्वारकेची सौराष्ट्र मेल मुंबई सेंट्रलहून सुटते, वेरावळची गाडी वांद्रे टर्मिनसहून.
- स्टेशनची इंग्रजी अक्षरेही ओळखून ठेवा: सीएसएमटी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एमएमसीटी म्हणजे मुंबई सेंट्रल, बीडीटीएस म्हणजे वांद्रे टर्मिनस, एलटीटी म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस.
- दोन गाड्यांमध्ये किमान पाच-सहा तास ठेवा. सकाळी पोहोचणारी देवगिरी आणि रात्री सुटणारी सौराष्ट्र मेल ही जोडी चांगली.
- दोन्ही तिकिटांवर नावे, वये हुबेहूब सारखी लिहा आणि दोन्ही पीएनआर जोडता येतात का ते पाहा. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर परताव्याची सोय २०१९ पासून आहे.

*सामान बांधताना*

- ज्याचे सामान त्याला एकट्याने जिना चढून नेता येईल, इतकेच बांधा; घरातल्या जिन्यावर एकदा नेऊन बघा.
- स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो नेता येते, पण तुम्ही त्याच्या निम्म्यावर थांबा. ती मर्यादा डब्यासाठी आहे, दादर स्टेशनच्या पुलासाठी नाही.
- चार लहान पिशव्यांची एक बॅग करा. नग जितके कमी, तितके विसरणे कमी.
- प्रत्येक नगावर एकाच रंगाची चिंधी बांधा. गर्दीत आपले सामान लांबून ओळखू येते.
- प्रत्येक बॅगेला कुलूप लावा. बिनकुलपाचा नग सामानघरात घेत नाहीत.
- दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली वेगळ्या खांद्याच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग मधेच उघडायची वेळ येऊ नये.
- तिकिटे, आधार, औषधे आणि पैसे अंगावरच्या पिशवीत ठेवा. पैसे दोघांत वाटून घ्या.
- लेकरांच्या आणि आजी-आजोबांच्या खिशात नाव, बरोबरच्या माणसाचा फोन आणि गावाकडचा एक फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा.
- निघण्यापूर्वी सगळ्यांचा आणि सामानाचा एक फोटो काढा. कोणी हरवले तर त्या दिवशीचे कपडे सांगता येतात.

*निघताना*

- पालमला रेल्वे नाही हे धरून एसटी दोन तास आधीची पकडा. गाडी परभणीत वाट पाहत नाही.
- शनिवारी रात्री निघत असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आधी तपासा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लोकल काही तास बंद असतात किंवा वळवतात.
- कोण कोणते सामान धरणार, कोण कोणत्या लेकराचा हात धरणार हे गाडीतच ठरवा. फलाटावर ठरवायला वेळ नसतो.

*मुंबईत उतरताना*

- मुंबई सेंट्रलला जायचे असेल तर दादरला न उतरता शेवटपर्यंत, सीएसएमटीपर्यंत जा. तिथे गाडी उभी राहते, सामान सावकाश उतरवता येते.
- उतरल्यावर पहिले काम माणसे मोजणे, दुसरे नग मोजणे. मग पाऊल उचला.
- चुकामूक झाली तर भेटायची जागा सांगून ठेवा. सीएसएमटीवर लांब पल्ल्याच्या ८ नंबर फलाटाचे दाराकडचे टोक सगळ्यांना सापडते.
- हमाल लागलाच तर लाल कपड्यांतला, दंडावर बिल्ला असलेला घ्या. बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या आणि मजुरी आधी ठरवा.
- चालता न येणाऱ्यांसाठी व्हीलचेअर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागा. मागण्यात संकोच नको.
- आधी शहर ओलांडा, मग अंघोळ आणि जेवण. पुढच्या स्टेशनाच्या प्रतीक्षालयात पोहोचलात की दिवस तुमचा.
- देवगिरी वेळेवर आली तर आठच्या आत निघा, उशिरा आली तर अकरापर्यंत प्रतीक्षालयात बसा. मधला वेळ कामावर जाणाऱ्या मुंबईचा.

*शहर ओलांडताना*

- सीएसएमटी ते मुंबई सेंट्रल सरळ टॅक्सी करा. अंतर चार-पाच किलोमीटरचे आहे, चौघांत भाडे जड जात नाही.
- टॅक्सी मीटरने किंवा प्रीपेड खिडकीवरून घ्या आणि बसण्यापूर्वी गाडीच्या नंबरचा फोटो घरी पाठवा.
- सामान थोडे आणि माणसे धडधाकट असतील तर भुयारी मेट्रो ३ ने जा. ऑक्टोबर २०२५ पासून ती सीएसएमटीवरून थेट जाते, मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनाचे नाव जगन्नाथ शंकरशेट आहे.
- मेट्रोच्या दारात सामान तपासणीसाठी पंधरा मिनिटे जास्तीची धरा.
- वांद्रे टर्मिनसला जायचे असेल तर सीएसएमटीवरूनच हार्बरची गोरेगाव लोकल पकडा. गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला मिळते आणि दादरचा पूल टळतो.
- हार्बरने वांद्र्याला उतरलात तर पूर्वेला बाहेर पडून रिक्षा करा. खार रोडला उतरलात तर तिथून टर्मिनसकडे जाणारा पादचारी पूल धरा.
- लोकलचे तिकीट वेगळे काढा. ५ ते १२ वर्षांच्या लेकरांना अर्धे लागते.
- बोरिवलीहून चढायचे म्हणून दादरला उतरणारच असाल, तर फलाटांचे नंबर लक्षात ठेवा: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे; डिसेंबर २०२३ पासून हीच गणना आहे.
- दादरच्या पुलावर कुटुंबातला जाणता माणूस पुढे, दुसरा सर्वांत मागे आणि लेकरे-म्हातारी मधे, अशी ओळ धरा.
- म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट शोधा, पाच मिनिटे थांबावे लागले तरी थांबा.
- लोकलमध्ये आधी एक मोठा माणूस, मग लेकरे, मग म्हातारी, शेवटी सामानासह दुसरा मोठा माणूस, या क्रमाने चढा. उतरतानाही शेवटी मोठाच माणूस उतरू द्या.
- उतरायच्या दोन स्टेशने आधी उठून दाराकडे सरका; लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही.
- एखादे माणूस मागे राहिले तर पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचे, आणि मागे राहिलेल्याने आपल्या जागेवर थांबायचे, हे लेकरांकडून आधीच म्हणवून घ्या.

*पुढच्या स्टेशनावर*

- पोहोचल्याबरोबर मोठे सामान सामानघरात ठेवा, पावती अंगावरच्या पिशवीत ठेवा.
- गाडी कोणत्या फलाटावर येते ते इंडिकेटरवर तासभर आधीपासून पाहा. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली तरी धावू नका, गाडी सुटायला वेळ असतो.
- डबा फलाटावर कुठे येईल ते विचारून सामान तिथेच मांडा.
- अडचण आली तर १३९ वर फोन करा. रेल्वेचा हा मदतीचा क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतो.

काय टाळावे

*तिकीट आणि सामान*

- दोन-तीन तासांच्या अंतराने पुढची गाडी घेऊ नका. इगतपुरीच्या घाटात गाडी थांबली की सगळे गणित जाते.
- "मुंबई" एवढाच शब्द वाचून तिकीट काढू नका. मुंबईत लांबच्या गाड्या चार-पाच ठिकाणांहून सुटतात.
- वांद्रे आणि वांद्रे टर्मिनस, कुर्ला आणि लोकमान्य टिळक टर्मिनस एकच समजू नका. मधे सामानासह चालण्याचे अंतर आहे.
- गोणी, पत्र्याची पेटी, तोंड बांधलेले बोचके नेऊ नका. त्यांना धरायला मूठ नसते आणि मागच्या माणसाच्या तोंडावर आपटतात.
- लोणच्याची काचेची बरणी, तेलाचा डबा, तुपाची कळशी सोबत घेऊ नका. प्रेम पोस्टानेही पोहोचते.
- रॉकेल, गॅसची शेगडी, फटाके अजिबात नेऊ नका. रेल्वेत गुन्हा आहे आणि डब्यातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ आहे.
- सगळी तिकिटे एकाच्याच फोनमध्ये ठेवू नका. कागदावर एक प्रत असू द्या.

*फलाटावर आणि पुलावर*

- पुलावर, जिन्यावर सामान सावरायला, फोन घ्यायला, कोणाची वाट पाहायला थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली.
- पाऊस आला म्हणून पुलाच्या तोंडाशी दाटी करू नका, फलाटाच्या छताखालीच मागे सरून थांबा.
- रिकामी गाडी फलाटाला लागत असताना तिच्याकडे धावू नका. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसवर याच घाईत माणसे जखमी झाली.
- रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाऊ नका, सामान कितीही जड असले तरी.
- सरकत्या जिन्यावर लुगड्याचा काठ, धोतराचा सोगा, बॅगेचा पट्टा लोंबू देऊ नका.
- सामानावर लेकराला बसवून "इथेच थांब" म्हणून निघून जाऊ नका. सामान पुन्हा घेता येते.
- अनोळखी माणसाला "जरा बघा हो" म्हणून बॅगा सोपवू नका, आणि त्याच्याही बॅगा सांभाळू नका.
- बिल्ला नसलेल्या माणसाच्या हाती नग देऊ नका. गर्दीत तो पाच पावलांत दिसेनासा होतो.

*लोकलमध्ये आणि रस्त्यावर*

- सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत सामानासह लोकलमध्ये चढू नका. तुम्हीही अडकता आणि रोज जाणारेही.
- भरलेल्या लोकलमध्ये "सामान आत टाका, मग आपण चढू" असे करू नका. गाडी सामान घेऊन निघून जाते.
- बायका महिला डब्यात आणि पुरुष दुसरीकडे अशी फाटाफूट करू नका. करावीच लागली तर बायकांमध्ये फोन आणि स्टेशन माहीत असलेली एक असू द्या.
- बारा वर्षांवरच्या मुलाला महिला डब्यात नेऊ नका. कायद्याने चालत नाही.
- दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरू नका. दिव्यांगांच्या डब्यातही नाही, सोबत दिव्यांग, गरोदर बाई किंवा कॅन्सरचा रुग्ण असल्याखेरीज.
- दारात उभे राहून सामान बाहेर लोंबवू नका, आणि लेकरांना दाराच्या दांड्याशी नेऊ नका.
- जलद लोकल खार रोडला थांबते असे समजू नका. खारला जायचे तर धीमी किंवा हार्बर.
- सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल भागात रिक्षा शोधत फिरू नका; वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सीच.
- स्टेशनाबाहेर हात धरून "चला, स्वस्तात सोडतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.
- टॅक्सीच्या डिकीत सामान असताना सगळ्यांनी एकदम उतरू नका. शेवटचा नग निघेपर्यंत एकाने आत बसून राहावे.
- वेळ आहे म्हणून सामान घेऊन गेट वे किंवा चौपाटी बघायला निघू नका. आधी सामानघर, मग फिरणे.

*परतीला*

- गुजरातहून सकाळी येणाऱ्या गाडीला जोडून त्याच दिवसाची तपोवन एक्सप्रेस घेऊ नका. ती सीएसएमटीहून भल्या सकाळी सुटते, रात्रीची देवगिरी घ्या.
- जातानाच्या सामानात द्वारकेची खरेदी वाढवू नका. आईसाठी शंख घ्यायचाच असेल तर लहान घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा.
- परभणी आल्यावर बॅगा ओढायला लागू नका. सेलू मागे पडले की बाहेर काढून दाराशी आणा, गाडी पुढे सिकंदराबादकडे जाते.